शरीराला नवे, सामानाला जुने

घरासाठी फर्निचर घेताना बहुतेक जण आधी शैली ठरवतात आणि मग त्या शैलीत बसणाऱ्या वस्तू शोधत फिरतात. मला हा क्रम उलटा वाटतो. एखाद्या वस्तूने घरात रोज नेमके कोणते काम करायचे आहे हे आधी ठरले, की ती ॲन्टिक असावी, व्हिंटेज असावी की आजची, याचे उत्तर बऱ्याच अंशी आपोआप मिळते. माझा ठोकताळा असा की, ज्यावर शरीर टेकायचे ते शक्यतो अलीकडचे असावे आणि ज्यात सामान ठेवायचे ते खुशाल जुने असावे. याला अपवाद आहेत, आणि त्यांतले काही मला नियमापेक्षा अधिक प्रिय आहेत.

वयाच्या या पाट्यांना फार महत्त्व देऊ नये. शंभर वर्षे ओलांडलेल्या वस्तूला ॲन्टिक म्हणण्याचा व्यापारातला प्रघात आहे आणि सीमाशुल्काच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातही ९७०६ या शीर्षकाखाली हीच मर्यादा धरलेली आहे. व्हिंटेजला अशी कोणतीही पक्की सीमा नाही. साधारणपणे विसाव्या शतकाच्या मधल्या दशकांतल्या वस्तू त्या नावाने विकल्या जातात. मॉडर्न या पाटीचा तर आणखी घोळ आहे. रचनाकार मार्सेल ब्रॉयर यांनी बाउहाउस या जर्मन कला-रचना शाळेत असताना पोलादी नळ्या वाकवून तयार केलेली खुर्ची आजही आधुनिक म्हणूनच ओळखली जाते, पण तिचा आराखडा १९२५ च्या सुमाराचा आहे. तेव्हा पाटी बाजूला ठेवून वस्तू उलटी करून पाहणे अधिक उपयोगाचे ठरते.

उलटी करून पाहणे हे मी अक्षरशः म्हणतो. जुने कपाट किंवा खणांचे टेबल पाहायला गेल्यावर मी एक खण पूर्ण बाहेर काढतो आणि उजेडात पालथा धरतो. पुढची फळी आणि बाजूची फळी जिथे मिळतात तिथे टोकाकडे रुंद होत जाणाऱ्या दातांचा डव्हटेल सांधा असतो. हे दात एकमेकांपेक्षा किंचित लहानमोठे असतील आणि त्यांच्या बुडाशी सुताराने आखणीसाठी ओढलेली बारीक रेघ अजून दिसत असेल, तर सांधा हाताने कापलेला असण्याची शक्यता बरीच असते. सगळे दात आणि त्यांतली अंतरे काटेकोर सारखी असतील तर ते यंत्राचे काम, म्हणजे बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले किंवा त्यानंतरचे. हाताने तासलेल्या तळाच्या फळीवर बोटे फिरवली की रंध्याच्या उथळ लाटा हाताला लागतात. करवतीच्या खुणा सरळ आहेत की कमानीसारख्या वळलेल्या, हेही पाहावे, कारण वळलेल्या खुणा गोल करवतीच्या असतात आणि ती एकोणिसाव्या शतकात रुळली. फुलीच्या खाचेचा स्क्रू १९३० च्या दशकात बाजारात आला. त्याहून जुन्या म्हणवणाऱ्या वस्तूत तो सापडला तर निदान तेवढी दुरुस्ती नंतरची आहे, आणि पूर्वी तिथे दुसरा स्क्रू असल्याची कोणतीही खूण नसेल तर विक्रेत्याला पुढचे प्रश्न विचारायला हरकत नाही. लाकूड धाग्याच्या आडव्या दिशेने आकसते, लांबीच्या दिशेने जवळजवळ नाहीच, त्यामुळे खरोखर जुन्या गोल टेबलाचा पृष्ठभाग मोजपट्टीने दोन्ही दिशांना मोजला तर थोडा लंबगोल भरतो. वयाचा हा पुरावा मला सर्वांत आवडतो, कारण तो कोणी मुद्दाम घडवलेला नसतो.

सामानासाठी जुने घ्यावे असे म्हणण्यामागे केवळ हौस नाही. भरीव लाकडाचे जुने खण वर्षानुवर्षे वजन सोसत आलेले असतात, त्यामुळे जे निकामी व्हायचे होते ते बहुतेक आधीच होऊन गेलेले असते. शिवाय ते दुरुस्त होतात. प्राण्यांच्या कातड्या-हाडांपासून केलेला सरस उष्णता आणि ओलाव्याने सैल पडतो, म्हणून जाणकार सुतार जुना सांधा न मोडता उकलून पुन्हा चिकटवू शकतो. लाखेचे पॉलिश स्पिरिटमध्ये विरघळते, त्यामुळे ओरखडा पडलेला भाग तेवढ्यापुरता सुधारता येतो. जुन्या व्हिनियरचा, म्हणजे वरून चिकटवलेल्या पातळ लाकडी पापुद्र्याचा, करवतीने कापलेला थर दीड-दोन मिलिमीटर किंवा त्याहून जाड असू शकतो, तर आजचा थर बहुधा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो आणि पॉलिशकागद जरा जास्त घासला की खालचा बोर्ड दिसू लागतो.

कपड्यांचे कपाट मात्र अपवाद. हँगर रुळण्यापूर्वीची कपाटे घड्या घालून किंवा खुंटीला अडकवून ठेवायच्या कपड्यांसाठी केलेली असत आणि त्यांची खोली पुष्कळदा कमी असते. हँगरला आतून किमान ५५ सेंटिमीटर जागा लागते, ती नसेल तर दार बंद होत नाही. असे कपाट चादरी किंवा पुस्तकांसाठी उत्तम. त्यात दांडी बसवण्याचा खटाटोप करू नये.

आता शरीराकडे वळू. गादी, पलंग, काम करण्याची खुर्ची आणि रोज बसायचा सोफा यांच्या बाबतीत मी जुन्याचा हट्ट धरत नाही. जुन्या पलंगाची मापे आजच्या गाद्यांशी क्वचितच जुळतात. जेवणाच्या टेबलाची उंची साधारण ७५ सेंटिमीटर, खुर्चीच्या बैठकीची ४५ आणि दोहोंमध्ये २५ ते ३० सेंटिमीटर अंतर, हा हिशेब जुळला नाही तर कितीही देखणी जोडी असली तरी जेवताना खांदे अवघडतात. आठ तास संगणकासमोर बसणाऱ्याला पाठ आणि उंची हलवता येणारी खुर्चीच हवी. कोरीव पाठीच्या खुर्चीने ते काम करावे अशी अपेक्षा करणे तिच्यावर अन्याय आहे. व्हिंटेज सोफ्यात आणखी एक अडचण असते. त्यातला फोम काही दशकांत ठिसूळ होऊन भुकटी व्हायला लागतो, म्हणून सांगाडा कितीही भक्कम असला तरी नव्या भरणाचा आणि कापडाचा खर्च आधीच किमतीत धरावा.

तरीही खुर्च्यांमध्ये जुने आराखडे अजून हरलेले नाहीत. फर्निचरकार मिखाएल थोनेट यांची १४ क्रमांकाची खुर्ची १८५९ ची आहे. वाफवून वाकवलेल्या बीच लाकडाचे सहा तुकडे आणि मोजके स्क्रू एवढाच तिचा संसार, आणि सुटे भाग करून अशा ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत. ती हलकी आहे आणि तिची वेताची बैठक पुन्हा विणून घेता येते. डॅनिश रचनाकार हान्स वेग्नर यांची १९४९ ची विशबोन खुर्ची १९५० पासून आजतागायत बनते आहे. अशा बाबतीत जुनी प्रत घ्यायची की नवी, हा फक्त अवस्थेचा आणि किमतीचा प्रश्न उरतो. त्याच काळातल्या ब्राझिलियन रोझवुडच्या वस्तू परदेशातून मागवायच्या असतील तर कागदपत्रे आधी तपासावीत, कारण त्या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९२ पासून कडक बंधने आहेत.

नव्या वस्तूंत सरसकट सगळे कच्चे असते असे मी मानत नाही. चांगल्या प्लायवुडचे कपाट पिढीभर टिकते. लाकडाचे बारीक तुकडे दाबून केलेल्या पार्टिकल बोर्डाची खरी दुर्बळता दोन ठिकाणी कळते: पुस्तकांच्या लांब फळीत, जी ८०-९० सेंटिमीटरनंतर वाकू लागते, आणि स्क्रूच्या भोकात, जे दुसऱ्यांदा जोडणी करताना पूर्वीसारखी पकड देत नाही. वारंवार घर बदलावे लागणाऱ्यांनी यातला दुसरा मुद्दा विशेष पाहावा.

जुनी वस्तू घरात आणण्यापूर्वी तिच्या मागच्या आणि खालच्या बाजूला एक-दोन मिलिमीटरची गोल छिद्रे आहेत का ते पाहावे. छिद्रे जुनी असतील तर घाबरण्याचे कारण नाही. पण खाली काळा कागद अंथरून काही दिवसांनी त्यावर ताजा, फिकट भुसा पडलेला दिसला तर कीड जिवंत आहे आणि उपचार झाल्याशिवाय ती वस्तू इतर लाकडाजवळ ठेवू नये. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून रंगवलेली वस्तू तपासल्याशिवाय कोरडी घासू नये, आणि मुलांच्या खोलीत तर ती नकोच. हवेतली आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान राहिली की जुने व्हिनियर शांत राहते. एसीच्या थेट झोतात ते उचलले जाते.

एका खोलीत निरनिराळ्या काळांच्या वस्तू कशा नांदवायच्या, याची लोक उगाच धास्ती घेतात. लाकडाचे रंग जुळवण्याचा अट्टहास सोडावा. जवळजवळ जुळलेले दोन रंग उघड वेगळ्या दोन रंगांपेक्षा वाईट दिसतात. उंच आणि जड अशी जुनी वस्तू खोलीत एकच ठेवावी, तिच्याभोवती ७५ ते ९० सेंटिमीटरची वाट मोकळी सोडावी आणि घरात लहान मूल असेल तर ती भिंतीला पक्की अडकवावी.

शेवटी मापे. दाराची रुंदी सगळेच मोजतात. जिन्याचे वळण, लिफ्टची उंची आणि कपाटाचा कर्ण फार थोडे जण मोजतात. मोठी जुनी कपाटे पुष्कळदा खुंट्या आणि पाचरींवर उभी असतात आणि पूर्ण सुटी होतात, हे विक्रेत्यालाही कधी कधी ठाऊक नसते. तशी सोय असल्यास पहिली पाचर काढण्यापूर्वी सगळ्या बाजूंचे फोटो काढावेत आणि प्रत्येक भागाच्या आतल्या अंगाला खडूने क्रमांक घालावा.