बागेतला कॅमेरा आणि आयपीव्ही ६

वरुड तालुक्यातील आमच्या संत्र्याच्या बागेत, विहिरीजवळच्या खोलीत कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर बसवून फायबर जोडणी घेतली, तेव्हा बाग अमरावतीहून मोबाइलवर पाहता यावी एवढीच अपेक्षा होती. रेकॉर्डर बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरमार्फत चित्र पाहण्याची सोय होती, पण ती मला नको होती.

राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे ठरावीक क्रमांकाच्या दारावर (पोर्टवर) बाहेरून आलेली विनंती आतल्या उपकरणाकडे वळवण्याची सोय, करूनही बाहेरून काही उघडेना. राउटरच्या पानावर जोडणीचा इंटरनेटवरचा पत्ता (आयपी) १००.७२ ने सुरू होत होता आणि बाहेरच्या संकेतस्थळाला आमचा पत्ता निराळाच दिसत होता. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा २०१२ मध्ये सेवापुरवठादारांच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवण्यात आला आहे. याचा अर्थ एकाच गट क्रमांकात अनेक खातेदार असावेत, तसे आम्ही कितीतरी ग्राहक एका सार्वजनिक पत्त्यामागे होतो; त्यामुळे बाहेरची विनंती आमच्या राउटरपर्यंत पोहोचतच नव्हती. इंटरनेट पत्त्यांच्या आयपीव्ही ४ या १९८१ च्या मानकातील पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे ३२ शून्य-एकांचा, असल्याने जगाच्या वाट्याला जेमतेम ४२९ कोटी पत्ते आले आणि त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. स्वतंत्र स्थिर पत्ता मागितला, तर तो केवळ व्यावसायिक जोडणीवर मिळेल असे उत्तर आले.

मग राउटरमध्ये आयपीव्ही ६ ही पत्त्यांची नवी पद्धत सुरू केली. येथे पत्ता १२८ बिटांचा असतो आणि एकूण पत्त्यांची संख्या ३४ वर ३७ शून्ये इतकी भरते. पुरवठादाराकडून राउटरला पत्त्याचा पुढचा भाग मिळतो, उरलेला भाग उपकरण स्वतः जुळवते. अशा रीतीने रेकॉर्डरला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळाला आणि पोर्ट फॉरवर्डिंगची गरजच राहिली नाही. मात्र सामाईक पत्त्यामागे झाकलेले राहण्याचा जुन्या व्यवस्थेतील आडोसाही त्याबरोबर गेला. म्हणून फायरवॉलमध्ये, म्हणजे बाहेरून येणाऱ्या विनंत्या अडवणाऱ्या राउटरमधील पहाऱ्यात, एवढ्या एकाच उपकरणाचे एकच पोर्ट उघडले आणि पासवर्ड बदलला. ब्राउझरमध्ये हा पत्ता चौकटी कंसात लिहावा लागतो, कारण त्यातील विसर्गचिन्हांमुळे पोर्ट क्रमांक कोठे सुरू होतो ते ब्राउझरला कळत नाही.

आमच्याकडे वीज गेली की राउटर बंद पडतो आणि परत सुरू झाल्यावर पत्त्याचा पुढचा भाग कधीकधी बदलतो. त्यासाठी डायनॅमिक डीएनएसवर, म्हणजे बदलत्या पत्त्याला कायमचे नाव जोडणाऱ्या सेवेवर, एक नाव घेतले; नवा पत्ता रेकॉर्डर तेथे आपणहून नोंदवतो. फायरवॉलचा नियम पत्त्याच्या न बदलणाऱ्या शेवटच्या ६४ बिटांवर लिहिता आला, हे आमच्या राउटरचे उपकारच.

मोबाइल डेटावर बाग लगेच दिसली. कार्यालयातील जुन्या ब्रॉडबँडवर मात्र फक्त आयपीव्ही ४ आहे आणि या दोन पद्धती एकमेकींशी थेट बोलू शकत नाहीत. त्यामुळे तेथे वाय-फाय बंद करूनच कॅमेरा उघडावा लागतो.