कंपासपेटीतली पन्नी

आमच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या आरमोरीकडे धानकापणीला माणूस बोलावला, की मजुरीच्या आधी तो विचारतो, "खर्रा भेटन का?" सुपारी, सुगंधी तंबाखू, चुना, प्लास्टिकच्या पन्नीत घालून खसाखसा घोटला की झालं. राज्यात गुटखाबंदी २०१२ची, जिल्ह्यात दारूबंदी १९९३ची. कागदावर आम्ही भलतेच निर्व्यसनी!

मागच्या पोळ्याला लेकाच्या कंपासपेटीत पन्नीची गुंडाळी सापडली. सातवीत आहे. "काऊन रे, हे काय?" तर खाली मान. मग कळलं, वर्गातले पोट्टे दोन-दोन रुपये काढतात, एक खर्रा घेतात न् चिमूट-चिमूट वाटून खातात.

२०१६ला मुक्तिपथ ही दारू-तंबाखूमुक्तीची मोहीम सुरू झाल्यापासून गावोगावी बायांच्या संघटना झाल्या. आमच्याही गावात आहे, पण ती दारूच्या मागं. खर्र्याचं नाव काढलं की अर्ध्या बाया गप. त्यांच्याच घरी घोटतात ना!

शेवटी आम्ही सहा जणी दोरी घेऊन निघालो. शाळेपासून शंभर यार्डात तंबाखू विकता येत नाही, असा कायदा आहे. फाटकापासून ठेल्यापर्यंत मोजलं, चाळीस पावलंही भरली नाहीत. ठेला माझ्या दिराचा. "वहिनी, तुमीबी?" एवढंच बोलले. दिवाळीला घरी आले नाहीत. आता ठेल्यावर चिवडा, बिस्किटं दिसतात; खर्रा मागच्या दारानं जातो म्हणतात.

घरी येऊन लेकाला समजवायला बसले, तर तो म्हणाला, "आई, मंग तू नस काऊन घासते?"

नस म्हणजे दातांना घासायची तंबाखूची भुकटी. तिची डबी अजून चुलीमागच्या कोनाड्यात आहे. आज चौथा दिवस, हात लावला नाही. डोकं ठणकते.