पंचाहत्तर ग्रॅमचं पाकीट

आमच्या मेडिकलमध्ये पाळीच्या गोळ्या मागायची एक ठरलेली रीत आहे. बाई आधी काउंटरच्या डाव्या टोकाला जाते, तिथे डायपर आणि बेबी पावडर मांडलेली आहे. पुरुष गिऱ्हाईक सुटे पैसे घेऊन पायरी उतरेपर्यंत ती डायपरच्या किमती वाचत राहते आणि मग माझ्याकडे बघून मान हलवते. श्रावण लागल्यापासून गौरी-गणपती होईपर्यंत मागणी असते ती पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांना. बाकी वर्षभर पाळी आणायच्या. दुकानात माझा दीर एकटाच असला तर "वहिनी कधी येणारेत?" एवढंच विचारून परत जातात.

पाळी आणायच्या गोळ्यांना आता जास्त करून कॉलेजच्या पोरी येतात. सोबत आई, आणि आईच्या पिशवीत सोनोग्राफीची फाइल. फाइल माझ्यासमोर उघडली जाते. मी डॉक्टर नाही, बी. फार्म. आहे, हे कराडात अर्ध्या गावाला ठाऊक आहे, तरीही. 'दोन्ही ओव्हरी मोठ्या, कडेने लहान लहान फॉलिकल्स' हे वाक्य मला पाठ आहे, कारण तसलाच एक रिपोर्ट माझ्याही कपाटात आहे. मग आईचा प्रश्न येतो, "गाठी आहेत म्हणे. ऑपरेशन करायला लागंल का?"

त्या गाठी नसतात. दर महिन्याला ओव्हरीत बरेच बीजकोश, म्हणजे तेच फॉलिकल्स, वाढीला लागतात. त्यातला एक पुढे जातो, फुटतो, बीज बाहेर पडतं, उरलेले जिरतात. पीसीओडीत, म्हणजे डॉक्टर ज्याला पीसीओएसही म्हणतात त्या पाळीच्या आणि हार्मोनच्या बिघाडात, पुढे कुणी जातच नाही, सगळे दोन ते नऊ मिलिमीटरवर अडकून बसतात. सोनोग्राफीत दिसतात ते हे अडकलेले. पण आईचा प्रश्न अगदीच वेडगळ आहे असंही नाही. १९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी सात बायकांची हकिगत छापली. पाळी बंद, ओव्हरी मोठ्या. त्यांनी ओव्हरीची पाचर कापून काढली आणि सगळ्यांची पाळी सुरू झाली, दोघींना दिवसही गेले. त्यामुळे पुढे कित्येक वर्षं सगळ्यांची नजर ओव्हरीवरच राहिली. या बायकांच्या रक्तात इन्सुलिन जास्त असतं आणि पुरुषी हार्मोनही त्याच मापाने चढलेलं असतं, हे दाखवणारा अमेरिकेतला अभ्यास यायला १९८० साल उजाडलं.

माझं सगळं म्हणणं इथेच आहे. घरात, नात्यात, स्थळ बघताना सगळीकडे फिरतो तो सोनोग्राफीचा रिपोर्ट. साखरेकडे कुणी बघत नाही.

सोनोग्राफीचं तर असं आहे की तिचाच नियम दोनदा बदलला. २००३ साली नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला तज्ज्ञ बसले आणि ठरलं, पीसीओएस म्हणायचं तर: अनियमित पाळी, पुरुषी हार्मोनच्या खुणा (तोंडावर राठ केस, मुरुमं, किंवा रक्तात वाढलेलं टेस्टोस्टेरॉन) आणि सोनोग्राफी, या तिनातल्या दोन गोष्टी हव्यात, आणि थायरॉइड, प्रोलॅक्टिनसारखी दुसरी कारणं आधी बाजूला काढायची. तेव्हा एका ओव्हरीत बारा बीजकोश दिसले तरी पुरायचे. पुढे मशिन इतकी सुधारली की धडधाकट पोरींच्या ओव्हरीतही बारा-पंधरा सहज दिसायला लागले. म्हणून २०१८च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत आकडा वीस झाला. २०२३मध्ये तिची नवी आवृत्ती आली, ऑस्ट्रेलियाच्या मोनाश विद्यापीठातल्या हेलेना टीड यांच्या पुढाकाराने. त्या आवृत्तीने मोठ्या बायकांसाठी सोनोग्राफीच्या जागी एएमएच ही रक्ताची तपासणीही चालेल म्हटलं. पण पहिली पाळी येऊन आठ वर्षं झाली नसतील त्या मुलीचं निदान सोनोग्राफीवर करू नका, आणि एएमएचवरही नको. त्या वयात ओव्हरी तशाच दिसतात. आता सांगा, सोळा वर्षांच्या पोरीची फाइल घेऊन जी आई रडवेली होऊन माझ्यासमोर उभी असते, तिला हे कुणी सांगायचं?

नियम बदलला की आजारी किती ते कसं बदलतं, याचं उदाहरण मुंबईतलंच आहे. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने मुंबईतल्या १५ ते २४ वयाच्या मुली तपासल्या, निष्कर्ष २०१४ साली छापले. रॉटरडॅमच्या नियमाने २२.५ टक्के मुलींना पीसीओएस. पुरुषी हार्मोनच्या खुणा असल्याच पाहिजेत म्हणणारा दुसरा नियम लावला तर त्याच मुलींत १०.७ टक्के. म्हणजे निम्म्याहून कमी. 'दर पाच मुलींत एक' हे वाक्य आपण सगळीकडे ऐकतो, ते पहिल्या आकड्याच्या जवळचं आहे. त्याच अभ्यासातला मला जास्त महत्त्वाचा वाटणारा आकडा मात्र कुणी सांगत नाही. रॉटरडॅमच्या नियमाने ज्या मुलींना पीसीओएस निघालं, त्यातल्या ७१.८ टक्के लठ्ठ नव्हत्या.

मीही नव्हते. पुण्यात हॉस्टेलला असताना माझं वजन ४७ किलो होतं, पाळी तीन-तीन महिने यायची नाही, आणि हनुवटीचे केस काढायला मी पार्लरला जायचे ते मैत्रिणींना चुकवून. एका डॉक्टरांनी मला नखशिखांत बघितलं आणि म्हणाले, "तू एवढी बारीक, तुला कसलं आलंय पीसीओडी?" लग्नानंतर दुसऱ्या डॉक्टर भेटल्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "आईला शुगर आहे?" आहे. मावशीलाही आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनी ग्लुकोज पाजून साखर बघायला लावली. उपाशीपोटी ९२, एकदम चोख. दोन तासांनी १५६. १४०च्या आत हवी होती. नुसती उपाशीपोटीची केली असती तर मी आणखी काही वर्षं खुशाल जिलेबी खात राहिले असते.

बारीक माणसाच्या साखरेचं हे कोडं आपल्याकडे पुण्यातच उकललं गेलं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी एक, २२.३. युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. आपण वरून हडकुळे आणि आतून चरबीचे. म्हणूनच आपल्याकडे जादा वजनाची रेषा २३ला धरतात, आणि बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या वर गेली की सावध व्हा म्हणतात, काटा काहीही दाखवो.

इन्सुलिनचा आणि पाळीचा संबंध काय, असं मला एका काकूंनी विचारलं. त्यांना सांगितलं ते असं. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की ते जास्त जास्त तयार व्हायला लागतं. हे जादा इन्सुलिन ओव्हरीला पुरुषी हार्मोन करायला चिथावतं. वर लिव्हरला सांगतं, या हार्मोनला बांधून ठेवणारं प्रथिन कमी कर. मग मोकळं सुटलेलं टेस्टोस्टेरॉन हनुवटीवर केस आणतं आणि बीजकोशांची वाढ अडवतं. काकू म्हणाल्या, "म्हणजे दुखणं पोटात न्हाई, जेवणात हाय." पूर्ण बरोबर नाही, आनुवंशिकताही मोठी आहे, पण मी वाद घातला नाही.

या जादा इन्सुलिनची एक खूण तर उघड्यावर असते. मान. मागच्या बाजूने काळी, जाड, मखमलीसारखी. आया तिला मळ समजतात. लिंबू, बेसन, काथ्या, सगळं होतं, पोरीची मान सोलवटते, मग माझ्याकडे गोरेपणाचं क्रीम मागायला येतात. त्या क्रीममध्ये बऱ्याचदा स्टेरॉइड असतं, ते मी चिठ्ठीशिवाय देत नाही म्हटलं की शेजारच्या गल्लीत जातात. पोरगी वळून उभी असते, मला तिची मान दिसते, आणि मी हळूच विचारते, "साखर बघितलीये का हिची?" बहुतेकदा आईला राग येतो.

राग मेटफॉर्मिनचाही येतो. चिठ्ठी घेऊन येतात, घरी जाऊन कुणीतरी पोरगा मोबाइलवर नाव टाकतो, तासाभरात आई परत. "मॅडम, ही शुगरची गोळी हाय. आमच्या पोरीला शुगर न्हाई." मी समजावते. इन्सुलिनला शरीराने दाद द्यावी म्हणून आहे, पोट बिघडेल पहिले काही दिवस, जेवणानंतरच घे, डॉक्टरांना विचारून कमी डोसपासून चढव, आणि वर्षानुवर्षं चालली तर बी-१२ तपास. आपल्या शाकाहारी घरांत बी-१२ आधीच तळाला असतं. एका आईने तर मला गोळ्या स्ट्रिपमधून काढून साध्या डबीत भरून द्या म्हटलं, पाहुणे बघायला येणार होते. दिल्या नाहीत. औषध त्याच्या स्ट्रिपमध्येच राहायला हवं, नाहीतर ती पोरगी चार दिवसांनी काय गिळतेय ते तिलाही कळणार नाही.

हार्मोनच्या गोळीचं दुखणं याहून अवघड. पाळी नियमित करायला आणि नको तिथल्या केसांसाठी २०२३च्या मार्गदर्शिकेतही पहिला मान तिलाच आहे. पण खोक्यावर गर्भनिरोधक लिहिलेलं, आणि पोरगी बिनलग्नाची. यातलीच सायप्रोटेरॉन हे औषध घातलेली गोळी आपल्याकडे सढळ हाताने लिहिली जाते. मार्गदर्शिकेत ती दुसऱ्या क्रमांकावर आहे, रक्तात गुठळी व्हायचा धोका धरून. हे मी गिऱ्हाइकाला सांगत नाही, "डॉक्टरांना घरातल्या गुठळीचा, मायग्रेनचा इतिहास सांगितलाय का?" एवढं विचारते. एक गोष्ट मात्र ठासून सांगते. पाळी आली नाही म्हणजे कटकट मिटली असं नाही. वर्षात चारदा तरी अस्तर बाहेर पडायला हवं. तीन महिन्यांच्या वर साचत राहिलं तर पुढे गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका वाढतो.

पीसीओडीवर पूरक म्हणून खपणाऱ्या इनोसिटॉलच्या पुड्यांबद्दल लिहिलं तर आमचे एमआर, म्हणजे कंपन्यांची औषधं खपवायला येणारे, तोंड वाकडं करतील. करू देत. पुडी महाग, चवीला गोड, मार्जिन चांगलं. मार्गदर्शिका म्हणते, घ्यायची असेल तर घ्या, अपाय फारसा नाही, फायद्याचा पुरावाही मोजकाच. नको तिथले केस आणि पोटाचा घेर या दोन्हींत मेटफॉर्मिन सरस. ज्या घरात महिन्याच्या औषधाचे पैसे मोजून येतात, तिथे मी आधी हे बोलते.

आहाराबद्दल रोज कुणीतरी नवा फतवा घेऊन येतं. गहू बंद, दूध बंद, भात बंद. संशोधकांनी सगळे आहार शेजारी शेजारी ठेवून बघितले, कुठलाच दुसऱ्यापेक्षा सरस निघाला नाही. टिकेल तो खरा. भाकरी-आमटी टिकते. व्यायामाचं मात्र स्पष्ट सांगितलंय: आठवड्याला दीडशे मिनिटं तरी घाम येईल असं चालणं आणि दोन दिवस वजन उचलणं. पोरी चालतात, वजनं उचलायला लाजतात.

मूल हवं असणाऱ्यांसाठी लेट्रोझोल आहे, बीज बाहेर पडावं म्हणून देतात ती गोळी. ते मुळात ब्रेस्ट कॅन्सरचं औषध, त्यामुळे नाव शोधून घाबरलेली जोडपी परत येतात. २०११ साली आपल्या सरकारने वंध्यत्वासाठी त्याच्या वापरावर बंदी घातली, तेव्हा मी नुकतीच काउंटरला उभी राहायला लागले होते. २०१४ साली अमेरिकेत ७५० बायकांवर केलेली चाचणी छापून आली: लेट्रोझोलवर २७.५ टक्के बायकांना मूल झालं, जुन्या क्लोमिफिनवर १९.१ टक्के. आपली बंदी उठली २०१७मध्ये. आज जगभर पहिलं औषध तेच.

परवा तर एक मुलगी मलेरियाची गोळी मागायला आली, रीलमध्ये बघून. बातमी खरी आहे. २०२४ साली चीनमधल्या शास्त्रज्ञांनी 'सायन्स' या नियतकालिकात लिहिलं की आर्टेमिसिनिन या मलेरियाच्या औषधाचा एक प्रकार ओव्हरीतला पुरुषी हार्मोनचा कारखाना मंदावतो. पण बायका होत्या १९, औषध दिलं बारा आठवडे, आणि तुलनेला दुसरा गट नव्हता. त्यातल्या बाराजणींची पाळी नियमित झाली. मी म्हटलं, मोठी चाचणी होऊ दे, मग बघू. तिला पटलं नाही. शेवटी इनोसिटॉल घेऊन गेली, म्हणजे मार्जिन मलाच मिळालं.

दुकानात ७५ ग्रॅम ग्लुकोजची पाकिटं असतात, आणि घेऊन जातात त्या सगळ्या गरोदर बायका. पीसीओडी म्हणून लिहून आणलेलं पाकीट क्वचितच. खरं तर मार्गदर्शिका म्हणते, पीसीओएस असलेल्या प्रत्येकीची हीच तपासणी करा, वजन काहीही असो, आणि धोका बघून दर एक ते तीन वर्षांनी परत. एचबीएवनसी, म्हणजे दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, सोपी, पण आपल्या बायकांचं रक्त कमी असतं, त्याने तो आकडा फसवतो. म्हणून मी पाकिटं समोरच्या शेल्फवर आणून ठेवली आहेत, डायपरच्या शेजारी, जिथे बायका उभ्या राहतात तिथेच. रात्री जेवून काही खायचं नाही, सकाळी लॅबला जायचं, रक्त द्यायचं, ग्लुकोज पाण्यात विरघळवून पाच मिनिटांत संपवायचं आणि दोन तास तिथेच बसून परत रक्त द्यायचं. चालायचं नाही. उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून.

परवा एका आजीबाईंनी नातीसाठी पाकीट हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि विचारलं, "साखर पाजून साखर बघत्यात? मग चढणारच की."

"चढू दे आजी," मी म्हटलं. "उतरती का ते बघायचंय."