पॅनेल अपडेट: सुजलेली वेल आणि दोन निळे

रॅकसाठी सर्किट बोर्डासारखीच बनवून घेतलेली दर्शनी पॅनेलं आली. रॅकमध्ये चपखल बसली, आणि त्यांच्यावरच्या नक्षीतली वेल पाहून डोकं फिरलं.

आधी गोड बातमी. सीपीयू बोर्डाचं ८ एचपीचं (एचपी म्हणजे रॅकमधल्या रुंदीचं माप) पॅनेल, १२८.५ बाय ४०.३ मिमी, १.६ मिमी जाडीच्या एफआर-फोरमधलं, म्हणजे सर्किट बोर्डाच्या फायबरग्लासमधलं. कुठेही कानस न लावता भोकं एम-थ्री स्क्रूंना जुळली आणि रीसेटचं बटण आपल्या भोकात बरोबर मधोमध उभं राहिलं. ते पुन्हापुन्हा दाबून पाहण्यात संध्याकाळ गेली, त्याबद्दल कुणी काही बोलू नये.

निळा मास्क (बोर्डावर चढवतात तो रंगीत संरक्षक थर) निवडला तेही बरंच झालं. काळा कितीही रुबाबदार असो, त्याच्याखाली तांबं आहे की नाही हे जवळपास कळतच नाही, म्हणजे एक छटा फुकट गेली. निळ्यात तांब्यावरचा भाग फिका, नुसत्या एफआर-फोरवरचा गडद. वर एनिगचं, म्हणजे उघड्या तांब्यावरच्या मुलाम्याचं सोनं आणि सिल्कचा, म्हणजे छपाईचा पांढरा. घोळ झाला तो या दोन निळ्यांतच.

वेलीची सोनेरी रेघ ०.३ मिमी. मास्कमध्ये तेवढी फट आणि खाली तांबं दोन्ही बाजूंना ०.१ मिमी जास्त, म्हणजे मास्क जरा सरकला तरी सोनं तुटू नये. सोनं तुटलं नाहीच. पण ते जादा तांबं मास्कखालून फिकी कड होऊन डोकावतं. मास्क आडवा साधारण ०.०७ मिमी सरकलाय, त्यामुळे वेलीच्या एका अंगाला कड जेमतेम ०.०३, दुसऱ्या अंगाला ०.१७. भिंगाशिवाय पाहिलं तर वेल एका बाजूने सुजल्यासारखी वाटते. त्यातही गंमत अशी, की वळणावर ती आडवी झाली की सूज गायब, पुन्हा उभी झाली की हजर!

एवढी सरक फॅबच्या, म्हणजे बोर्ड बनवणाऱ्या कारखान्याच्या, टॉलरन्समध्ये बसते, त्याबद्दल तक्रार नाही. राग वेगळाच आहे: खालच्या जाळीतल्या मास्कच्या बारीक पट्ट्या त्यांच्या कॅमवाल्याने (उत्पादनासाठी फायली तयार करणाऱ्याने) न विचारता उडवल्या आणि ऑर्डर नंबर छापला तो थेट वेलीच्या पानावर. किकॅड या बोर्ड आखायच्या सॉफ्टवेअरचा थ्रीडी व्ह्यूअर इथे कामाचा नाही, तिथे मास्क कधी सरकतच नाही.

उपाय चाळून पाहिले. तांबं आणि फट एकाच मापाची ठेवली, तर एकीकडे मास्क तांब्यावर चढणार, दुसरीकडे एफआर-फोरची पिवळट चीर उघडी पडणार. फट तांब्याहून मोठी केली तर रेघेची जाडी एचिंगवर, म्हणजे नको असलेलं तांबं रसायनाने विरघळवण्यावर ठरते, ती नेटकी येते, पण भोवती पिवळट झालर. पॅनेलभर तांबं ओतलं तर कडेचा प्रश्नच मिटतो. मात्र गडद निळा हातचा जातो, आणि त्याच्यासाठीच तर निळा घेतला.

शेवटी ठरवलं, कड लपवायची नाही, मिरवायची. जादा तांबं ०.१ वरून थेट ०.६ मिमी. आता तेवढीच सरक आली तरी ०.५३ आणि ०.६७. हा फरक कुणाच्या डोळ्यांना कळणार? दुसऱ्याच एका बोर्डाच्या रिकाम्या कोपऱ्यात वेलीचा तुकडा टाकून मागवला. फिक्या निळ्याची रुंद किनार, मधून सोनं, सूज औषधालाही नाही. तो तुकडा कापून टेबलावर ठेवलाय.

हे लिहिता लिहिताच सुचलं: पानांच्या शिरा तरी सोन्यात कशाला? पान अख्खं तांब्याचं, वर मास्क बंद, आणि शिरा म्हणजे तांब्यात सोडलेल्या ०.२ मिमीच्या फटी. दोन्ही छटा एकाच थरातून येणार, मास्क मग कुठेही जावो. सोनं फक्त देठाला. निम्मी नक्षी पुन्हा काढावी लागेल, पण इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमधून एसव्हीजी फाइल थेट किकॅडमध्ये आयात होते, ते सोपं आहे. डीएक्सएफ या दुसऱ्या फाइल-प्रकाराच्या नादी लागू नका, वळणांचे तुकडे पडतात.

एलईडीच्या खिडक्यांचं रडगाणं अजून चालूच. प्रकाश एफआर-फोरच्या आतून शेजारच्या खिडकीत झिरपतो. पुढच्या ऑर्डरला वरच्या चार खिडक्यांभोवती व्हियांची (तांब्याने मढवलेल्या बारीक भोकांची) दाट रांग, खालच्या चारांमागे काळ्या फोमची चौकट. जाळीच्या पट्ट्या ०.२ मिमी करतोय, आणि ऑर्डर नंबर मागच्या बाजूला छापण्याची सूचना या वेळी गर्बर फायलींसोबत (फॅबला पाठवायच्या आराखड्याच्या फायलींसोबत) लेखी जाणार.