मीठ बरोबर होतं

रविवार, रात्रीचे सव्वाअकरा

हातांना अजून धुराचा वास आहे. दोनदा साबण लावला. कपाशीच्या काड्यांचा धूर सहजी सुटत नाही, केसांत तर दोन दिवस राहतो. एरवी हा वास मला आवडतो, त्याच्याशिवाय थंडी आल्यासारखं वाटत नाही. आज उशीवर डोकं टेकलं की तोच येतो आणि मी उठून बसते. म्हणून ही वही काढली.

घडलं ते एवढंसंच. मळ्यात आज कुणाला विचारलं तर आठवणारही नाही. वांगी भाजून झाली, सोलून झाली, मी पदर खोचून बडगीपाशी, भरीत ठेचायच्या त्या लाकडी भांड्यापाशी, बसायला निघाले आणि सासूबाईंनी, जिजींनी, बडगी माझ्या धाकट्या जावेपुढे सरकवली. "आज तिले करू दे वं," म्हणाल्या. माझ्याकडे बघितलंही नाही त्यांनी. मुद्दाम नव्हतं ते. मुद्दाम असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

19 वर्षं मी ते भरीत ठेचतेय. चंपाषष्ठी झाली की पहिला रविवार मळ्यात. वांगी बामणोदचीच लागतात, हिरवी, पांढरट, हातात धरली की वजन लागणारी, आत बी कमी. ती काड्यांच्या जाळावर टाकली की मी दुसऱ्या कुणाला उलटू देत नाही. एका बाजूने कच्चं राहिलं तर ठेचताना गाठ लागते आणि जास्त भाजलं तर गर पाण्यासारखा होतो. मिरच्या तेलात परतायच्या, लसणासोबत ठेचायच्या, मग गर. शेंगदाणे अख्खे राहू द्यायचे. कांद्याची पात सगळ्यात शेवटी, नाहीतर मरते. हे सगळं मला जिजींनीच शिकवलं. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मला त्या घरात काहीच येत नव्हतं. पुऱ्या जाड व्हायच्या, कळण्याची भाकरी तव्यावर टाकताना मोडायची. भरीत तेवढं जमलं. आबांनी दुसऱ्यांदा मागून घेतलं होतं. त्या दिवसापासून मी त्या घरातली झाले, असं मला वाटत आलंय.

बहुतेक गाठ तिथेच आहे. पण आधी मिठाचं लिहू दे.

धाकटीने ठेचलं. छान ठेचत होती, बेताने. झाल्यावर तिने पहिला घास माझ्या हातावर ठेवला. "ताई, बघा ना जमलंय का." त्याच्या आधीच आबांनी बाजेवरून चाखलं होतं आणि म्हणाले होते, "यंदा जमलं बरं भरीत."

यंदा.

मी घास खाल्ला. भरीत चांगलं होतं. मिरची जिभेवर येऊन थांबत होती, डोक्यात जात नव्हती. मीठ जेवढं हवं तेवढंच. मला हे त्याच क्षणी कळलं, 19 वर्षं जीभ त्याच कामात घालवली आहे. आणि मी म्हणाले, "मीठ कमी आहे गं जरा."

तिने चिमूट घातली. परत माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "अजून थोडं."

हे "अजून थोडं" मला झोपू देत नाहीये. पहिलं वाक्य तोंडून निसटलं असं म्हणता येईल. दुसरं निसटलं नाही. मध्ये निदान दोन सेकंद होते. त्या दोन सेकंदांत तिचा चेहरा माझ्यासमोर होता.

जेवताना कुणी काही बोललं नाही. आबांनी दोनदा पाणी मागितलं. भाऊजींनी भरतावर दही घेतलं, जे ते कधी घेत नाहीत. पोरांनी केळीच खाल्ली जास्त. धाकटी सगळ्यात शेवटी बसली, एक घास घेतला आणि ताटाकडे बघत राहिली. मला तेव्हा जे वाटलं ते लिहायला हात अडतोय. आधी बरं वाटलं. अगदी थोडा वेळ, पण वाटलं. मग बरं वाटल्याचंच भय वाटलं.

मी काही लोभी बाई नाही. वाटणीच्या वेळी मी तोंड उघडलं नव्हतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. दागिन्यांचं... जाऊ दे ते. पण हेच तर आहे ना. सोन्यावर पाणी सोडलं आणि वांग्याच्या बडगीवरून जीव इतका खाली आला. या घरासाठी एवढं केलं, आणि एक लाकडाची बडगी पुढून सरकली तर कुणाला जाणवलंही नाही की मी उभी आहे. हे गाडीत म्हणाले, "गप्प का आहेस?" मी म्हणाले, "धुराने डोकं दुखतंय." दिवसातलं दुसरं खोटं.

बी. एड.ला मानसशास्त्राच्या पेपरला विल्यम जेम्स होता. 1890 सालचं त्याचं एक सूत्र आम्ही अपूर्णांकासारखं पाठ केलं होतं: स्वतःविषयी वाटणारा मान म्हणजे यश भागिले अपेक्षा. वर यश, खाली अपेक्षा. तेव्हा पाच मार्कांचं उत्तर म्हणून लिहिलं. त्यातलं दुसरं म्हणणं आज जास्त आठवतंय. त्याने स्वतःचंच उदाहरण दिलं होतं. मानसशास्त्रज्ञ होण्यावर मी सगळं पणाला लावलंय, म्हणून दुसऱ्या कुणाला त्यातलं माझ्याहून जास्त येतं हे कळलं की मला लाज वाटते, आणि ग्रीक भाषेत मी पूर्ण अडाणी आहे त्याचं मला काहीच वाटत नाही. कारण ग्रीकवर त्याने काही लावलेलंच नव्हतं.

धाकटी शिवण सुंदर करते. तिच्या रांगोळीपुढे माझी रांगोळी शाळेतल्या पोरीची वाटते. तिचं अक्षर, तिचा आवाज, गौराईच्या गाण्यांना सगळ्या बायका तिच्याभोवती बसतात. याचं मला आजवर एकदाही काही वाटलं नाही, उलट मीच चारचौघींत कौतुक करते. आणि ते कौतुक करताना मला स्वतःचा मोठेपणा वाटायचा, हेही आज कळलं. ते माझं ग्रीक होतं. तिथे हरायला माझं काही जातच नव्हतं. मोठं मन म्हणून जे मी मिरवत होते ते फक्त माझं काही लावलेलं नसलेल्या जागेतलं होतं. जिथे लावलं होतं तिथे दोन चिमटी मिठात मन उघडं पडलं.

आणि बडगी तरी हवी होती का मला? ते मी गाडीत बसून खरोखर विचारलं स्वतःला. खांदा दुखतो. गेल्या वर्षी ठेचून झाल्यावर मी ह्यांना म्हणाले होते की आता कुणीतरी तरणीने करावं. मनापासून म्हणाले होते. म्हणजे काम नको होतं. मग काय हवं होतं? जिजींनी म्हणायला हवं होतं की तूच कर, मग मी म्हणायचं की नको, आज तिला करू दे. देणारी मी असायला हवी होते. बडगी तिच्याकडेच जाणार होती दोन्ही वाटांनी. एवढ्या एका पायरीसाठी मी एका चांगल्या भरताची माती केली.

असं रोज किती वेळा होत असेल. स्टाफरूममध्ये "मला काय, कुठलाही वर्ग द्या" म्हणते आणि दहावी दुसरीकडे गेली की दुपारभर घशाशी काहीतरी राहतं. घरच्या ग्रुपवर फोटो आला की आधी स्वतःला शोधते. जेवायला बोलावलं की "काही करू नका" म्हणते आणि खरंच काही केलं नाही तर लक्षात ठेवते.

इथवर लिहून थांबले होते. पाणी प्यायले. आता वरचं वाचलं तर वाटतंय, इतकंही स्वतःला सोलून काढायचं कारण नाही. वयाच्या 44 व्या वर्षी कळतंय की मला मागितलेलं असायला आवडतं. कुणाला आवडत नाही? जिजींनाही आवडत असेल. मी आले आणि त्यांच्या हातातली बडगी माझ्या हातात आली, तेव्हा त्यांना काय वाटलं हे मी 19 वर्षांत विचारलं नाही. त्यांनी माझ्या पहिल्या भरताला काही नाव ठेवलं नव्हतं. मीठ कमी आहे असं म्हणाल्या नव्हत्या. कदाचित तेव्हा मीठ कमी असेलही.

शाळेत असताना संस्कृतच्या बाई सांगायच्या, ओंकार म्हणजे ओम् हा उच्चार, तसा अहंकार म्हणजे "मी" हा उच्चार. गर्व वगैरे पुढचं. आधी फक्त एक आवाज. आज मी त्या मळ्यात "मीठ कमी आहे" म्हणाले त्यात मिठाविषयी काही नव्हतंच. मी तेवढा एक आवाज केला. मी इथे आहे, एवढाच.

परत येताना तापीच्या पुलावर अंधार झाला होता. पुढे केळीचा ट्रक होता, हळू चाललेला. खाली पाणी दिसत नव्हतं, तरी मी बघत होते. हे पाणी हतनूरच्या धरणातून येतं आणि त्याच्याही वर पूर्णा तापीला मिळते तिथे चांगदेव. महाशिवरात्रीच्या यात्रेला जिजींबरोबर गेले होते तेव्हा त्यांनी देवळाच्या दगडी पायरीवर बसून ती गोष्ट सांगितली होती. सगळ्यांना माहीत असलेलीच. चौदाशे वर्षांचा योगी, ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसला आणि मायन्यावरच अडला. वयाने लहान म्हणून चिरंजीव लिहावं, तर ज्ञानाने मोठे. तीर्थरूप लिहावं, तर वयाने पोर. शेवटी कोरंच पत्र पाठवलं. मुक्ताबाईने ते बघितलं आणि म्हणाली, चौदाशे वर्षं जगून कोराच राहिला. त्याला उत्तर म्हणून 65 ओव्या आल्या, आणि पुढे तो त्या लहान मुलीचाच शिष्य झाला.

लहानपणापासून मला या गोष्टीत मुक्ताबाई आवडायची. आज पुलावर पहिल्यांदा त्या म्हाताऱ्याचं वाईट वाटलं. त्याला सगळं येत होतं. फक्त समोरच्याच्या वर बसायचं की खाली, एवढं ठरेना, आणि तेवढ्यासाठी एक अक्षर लिहिता आलं नाही. वाघावर बसून येणारा माणूस. आणि तरी त्याने पत्र पाठवलं, ते मला आता मोठं वाटतं. कोरं तर कोरं. घरात ठेवून दिलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

मघाशी धाकटीला मेसेज करायला फोन घेतला होता. तिचं नाव लिहिलं, पुसलं. "अगं" लिहिलं, पुसलं. "तुला एक सांगायचं होतं" हे फार मोठ्या बहिणीसारखं वाटलं. "माझं चुकलं" लिहिलं तर ती घाबरेल, काय झालं म्हणून आत्ताच फोन करेल, भाऊजी जागे होतील. की ही पण सबब आहे? मेसेजमध्ये पुन्हा पुन्हा पुसता येतं, नीट दिसेपर्यंत. तसं नको.

निघताना तिने गाडीच्या खिडकीतून डबा दिला होता. "ताई, उरलंय. खारट झालंय, पण सकाळी भाकरीबरोबर चालून जाईल." आणि मग, हळू, जिजींना ऐकू जाणार नाही असं, "पुढल्या वर्षी तुम्हीच करा. मला मिठाचा अंदाजच नाही."

मला हवं होतं ते मिळालं. तुम्हीच करा. ज्या शब्दांसाठी दिवसभर आतून जळत होते ते तिने स्वतःहून हातात दिले, तेही डोळे खाली घालून. आणि मी म्हणाले, "बघू."

बघू!

आत्ता स्वयंपाकघरात जाऊन तो डबा उघडला. उभ्यानेच गार भाकरीबरोबर खाल्लं, सगळं, शेवटच्या शेंगदाण्यापर्यंत. खारट आहे. पण खाली तिचं भरीत लागतं, ठेचण अगदी बरोबर, पात अजून करकरीत. मला एवढी करकरीत कधीच ठेवता आली नाही.

डबा घासून ओट्यावर पालथा घातलाय. उद्या शाळा सुटल्यावर बामणोदच्या बसने जाईन, ह्यांना गाडी काढायला सांगणार नाही. आपल्याकडे डबा रिकामा परत देत नाहीत. त्यात काय घालून न्यायचं ते सकाळी ठरवीन. काय बोलायचं ते ठरवायला गेले तर परत पुसत बसेन.