एमआरआय अर्ध्या तासाचा, फोटो हातात यायला तीन खेपा

खानापूर तालुक्यातल्या नंदगडहून आईला बेळगावला एमआरआयसाठी नेऊन आणलं. आमच्या गल्लीतले दोघं पुढच्या आठवड्यात त्याच कामाला निघालेत, म्हणून राग ताजा असतानाच लिहितोय.

आईच्या कमरेतून डाव्या पोटरीपर्यंत कळ जायची. खानापूरच्या डॉक्टरांनी एमआरआय सांगितला आणि तो घेऊन कोल्हापूरच्या सर्जनना भेटा म्हणाले. बेळगावच्या हॉस्पिटलात फोन लावला तर उत्तर मिळालं, "संध्याकाळपर्यंत सगळं मोबाईलवर येतंय, परत यायला नको." त्या एका वाक्यावर मी पुढचं सगळं ठरवलं. ते वाक्य खोटं निघालं.

जाणं सोपं. खानापूर ते बेळगाव २६ किलोमीटर. शक्ती योजनेमुळे जून २०२३ पासून बायकांना साध्या बसला तिकीट नाही, पण ओळखपत्रावर कर्नाटकचा पत्ता लागतो. सोबत आलेली मावशी महाराष्ट्रातल्या चंदगडची, तिचं तिकीट पडलं.

मशीनपाशी पहिला खोळंबा जोडव्यांचा. आत लोहचुंबक असतं, अंगावर धातूचं काहीच चालत नाही. तीस वर्षांची जोडवी निघेनात. साबण लावून वीस मिनिटं खटपट केली, तोवर मागचा नंबर आत गेला. जोडवी, मोरणी, मंगळसूत्र, केसांच्या पिना सगळं आदल्या रात्री घरीच काढा. पेसमेकर असेल, मेंदूच्या ऑपरेशनमध्ये आत क्लिप बसवलेली असेल तर विचारायची वाट बघू नका, आधी सांगा. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ग्राइंडिंग-वेल्डिंग केलेली माणसं आपल्याकडे घरोघरी आहेत. डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असेल तर तेही सांगा, चुंबकाने तो हलतो. बाकी आत ठकठक आवाज फार, पण दुखत काही नाही, आणि एक्स-रेसारखे किरणही नसतात. आई अर्ध्या तासात बाहेर आली.

खरा घाट इथून पुढे. संध्याकाळ झाली, रात्र झाली, मोबाईलवर काही नाही. दुसऱ्या दिवशी फोन केला, "लिंक पाठवलीय." कुठे पाठवली? २०१९ मध्ये आई त्याच हॉस्पिटलात तापाने ॲडमिट होती. जुनाच नोंदणी क्रमांक काढून त्यांनी त्यावरच बिल केलं, आणि त्या नोंदीत बाबांचा जुना नंबर होता. तो बंद होऊन तीन वर्षं झाली. लिंक त्या नंबरला, ओटीपीही त्याच नंबरला. नंबर बदलायचा तर पेशंटने स्वतः आधार घेऊन यायचं म्हणे. जिला पंधरा मिनिटं बसवत नाही त्या बाईला पावसात पुन्हा बसने नेलं. खिडकीवर नवीन अडचण: आधारवर नावापुढे 'बाई' आहे, त्यांच्या फाईलला नाही. "नाळे बर्री," एवढं बोलून माणूस आत गेला. उद्या या! आई बाकावर आडवी झाली होती. मी जागचा हललो नाही. मावशीला कन्नड येत नाही, पण ती जे बोलली ते सगळ्यांना कळलं. तासाभराने नंबर बदलला.

म्हणून सांगतो, पैसे भरायच्या आधी खिडकीवर आपला मोबाईल नंबर आणि नावाचं स्पेलिंग त्यांच्या स्क्रीनवर बघूनच घ्या. पावतीवर छापलंय त्यावर विसंबू नका. फॉर्म कन्नड आणि इंग्रजीत असतो. वाचता येत नसेल तर वाचणारा माणूस सोबत न्या.

लिंक उघडली तर त्यात फक्त दोन पानांचा रिपोर्ट. फोटो सीडीत, सीडीचे ३०० रुपये वेगळे. भरले. खानापुरात मित्राच्या कॉम्प्युटरवर लावली तर आत सहा जेपीजी, म्हणजे साधे फोटो. हे चालत नाही. सर्जनला पूर्ण तपासणी लागते, डायकॉम नावाच्या स्वरूपात. कमरेच्या एमआरआयचे शे-दीडशे छेद असतात आणि ते एकामागोमाग सरकवून बघायचे असतात. तिसरी खेप मी एकट्याने केली. पूर्ण सीडीचे परत ३०० मागितले. दमलो होतो, भरून टाकले. तुम्ही भरू नका. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत पेशंटने मागितल्यावर कागदपत्रं ७२ तासांत द्यायची असं आहे, मागणीची पोचही द्यायची असते. लेखी अर्ज करा, त्यात 'डायकॉम' हा शब्द लिहा, पोच घ्या. हे मला तिसऱ्या खेपेनंतर एका वकिलाने सांगितलं.

सीडी मिळाली की खिडकीवरच त्यांच्या कॉम्प्युटरला लावून दाखवायला सांगा. पेशंटचं नाव आणि तारीख बघा. डायकॉमडीर नावाची फाईल दिसली तर बरोबर आहे, पाच-सहाच चित्रं दिसली तर परत द्या. हल्लीच्या लॅपटॉपला सीडीची जागाच नसते, म्हणून लगेच पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. फिल्मचा व्हॉट्सॲपवर काढलेला फोटो पाठवून सल्ला मागण्यात अर्थ नाही, त्यात नस कुठे दबलीय ते कळत नाही.

कोल्हापूरचा दिवस सरळ गेला. सर्जनांनी रिपोर्ट बाजूला ठेवला, सीडी लावली आणि माऊस फिरवत एल-फोर, एल-फाइव्हपाशी, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यापाशी थांबले. मणक्यामधली गादी सरकलीय, पण ऑपरेशन नको. गोळ्या, व्यायाम आणि सहा आठवड्यांनी परत. आई तिथेच रडली. निपाणीपर्यंत गाडीत माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती.

सहा आठवड्यांनी तीच सीडी परत मागणार आहेत. पेन ड्राइव्ह आईच्या ट्रंकेत आहे, आणि दुसरी प्रत मावशी चंदगडला घेऊन गेलीय.