हेल्मेट डोक्यावर असूनही

बाहेरचे प्लास्टर पूर्ण झाल्यामुळे त्या सकाळी परांची उतरवण्याचे काम चालू होते आणि सुरक्षा अधिकारी म्हणून मी इमारतीच्या मागील बाजूच्या जाळ्या तपासत होतो. लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आणि पाठोपाठ आरडाओरडा ऐकून मी धावलो, तेव्हा एक बिगारी जमिनीवर बसलेला होता, त्याचे हेल्मेट तडकले होते आणि शेजारी परांचीचे पाइप जोडणारा क्लॅम्प पडला होता.

“काही नाही साहेब, जरा गरगरलं,” असे म्हणत तो उठू लागला. घोटभर पाणी पाजले की तो कामाला लागेल, असे मुकादमालाही वाटत होते. मी त्याला उठू दिले नाही. मानेला आधार देऊन आडवे ठेवले आणि रुग्णवाहिका बोलावली. डोक्याला मार लागल्यावर माणूस काही काळ नीट बोलतो, पण कवटी आणि मेंदूचे आवरण यांच्यामधला रक्तस्राव तेवढ्यात वाढत असू शकतो. वाटेतच त्याला उलटी झाली, जीभ अडखळू लागली. सीटी स्कॅनमध्ये तोच रक्तस्राव दिसला आणि तातडीच्या शस्त्रक्रियेमुळे तो वाचला.

चौकशीत कंत्राटदाराचे म्हणणे असे की, हेल्मेट दिलेले होते, मग हा धोक्याच्या जागी गेलाच कशाला? मला या बोलण्याचा संताप आला. सुमारे 1 किलोचा क्लॅम्प 20 मीटरवरून पडला, तर 2 सेकंदांत ताशी 70 किलोमीटरचा वेग गाठतो आणि त्याची ऊर्जा 200 ज्यूलच्या आसपास जाते. हेल्मेटच्या युरोपीय मानकातील चाचणीत 5 किलोचे वजन 1 मीटरवरून टाकतात, म्हणजे जेमतेम 50 ज्यूल. मधल्या आडव्या पाइपावर आपटल्याने क्लॅम्पचा जोर ओसरला, पण त्याच धडकेने तो बाजूला उडून दोरी लावून बंद केलेल्या पट्ट्याच्या बाहेर, ये-जा करायला आम्हीच आखून दिलेल्या वाटेवर आला. बिगारी योग्य जागीच होता.

वर जाऊन पाहिले, तर सोडवलेले क्लॅम्प फळ्यांवर मोकळेच होते आणि सामान खाली जाण्याआधीच कडेचे टो-बोर्ड, म्हणजे वस्तू खाली पडू नयेत म्हणून लावलेल्या उभ्या फळ्या, काढून टाकलेले होते. ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ हे शब्द मी अहवालातून खोडायला लावले. क्लॅम्प पिशवीत भरून दोरीने उतरवणे, टो-बोर्ड सामानानंतरच काढणे आणि वाट इमारतीच्या दुसऱ्या बाजूला नेणे, एवढे होईपर्यंत मी पुढचे काम सुरू होऊ दिले नाही, आणि वेळ वाया जात असल्याची तक्रार वरपर्यंत गेली तरी ही अट शिथिल केली नाही.